मोकळी केलेली वाट

आगीत जळालेल्या उतारावर लावलेली रोपे सगळीकडे जगली. पायवाटेच्या मोठ्या वळणाखालच्या पट्ट्यात मात्र एकही रोप जगले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरी सायकल आहे. त्या पट्ट्याशी माझा संबंध आहे, म्हणून आधी माझी ओळख करून देते.

एका वेल्डरने माझा सांगाडा स्वतःच्या हाताने जोडला, कारण दुकानातली कोणतीही सायकल त्याच्या उंचीला पुरत नव्हती. "दादा, तुझे पाय आहेत की शिड्या?" असे त्याची धाकटी बहीण विचारी. माझे सांधे इतके सफाईदार होते की इतर स्वार त्यांवरून बोट फिरवून पाहत. मला ती स्तुती आवडे. आवडत नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल.

सुटीच्या दिवशी आम्ही जंगलातल्या वाटेने डोंगर चढत असू. स्वारांचा एक रिवाज होता: जो सर्वांत आधी वर जाईल, त्याने मागून येणाऱ्यांसाठी वाट साफ करायची. दादा हा रिवाज कटाक्षाने पाळी.

एका उन्हाळ्यात तो डोंगर पेटला. काही आठवड्यांनी वाट उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी आम्ही तिथे पोहोचलो. राख चाकांखाली पिठासारखी दबत होती. काळ्या बुंध्यांतून कोवळे धुमारे डोकावत होते. वाटेवर जागोजागी जळके ओंडके आडवे पडले होते. दादाने मला एका खोडाला टेकवले, बाह्या सरसावल्या आणि एकेक ओंडका कडेला लोटला. उतरताना मला एकही हिसका बसला नाही. "काय लोण्यासारखी वाट झाली!" माझ्या हँडलवर थाप मारून तो म्हणाला. त्यानंतर आम्ही दर सुटीला तिथे जाऊ लागलो.

त्याची बहीण त्याच जंगलात वनरक्षक होती. ती पलीकडच्या गाडीरस्त्याने कामावर जाई. वळणाखालचा पट्टा तिने एका दुर्मीळ जातीच्या झाडांसाठी राखला होता. त्या जातीची सारी झाडे आगीत गेली होती. आधीच्या वर्षी गोळा केलेल्या बियांपासून तिने घराच्या मागच्या गच्चीवर रोपे वाढवली होती. ती नसताना दादा त्यांना पाणी घाली.

"एवढीच आहेत हं, दादा. ही गेली की संपलं."

पावसाच्या तोंडावर तिने ती पट्ट्यात लावली. पावसानंतर ती रोपे गेली.

"कीड लागली असेल," जेवताना दादा म्हणाला.

"रोपंच नाहीत तिथे. कीड कशाला लागेल, मला?"

"मग हरणं?"

"मुळासकट उपटून नेली? कुठे, आपल्या बागेत लावायला?"

दोघेही हसले. तिच्या ताटातले अन्न मात्र तसेच राहिले.

आज मी वर्कशॉपच्या भिंतीला टांगलेली आहे. साखळी गंजली आहे. गंज हा लोखंड, हवा आणि पाणी यांचा परिणाम असतो, दुःखाचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी दादा माझ्याकडे पाठ करून काम करतो, तेव्हा हा भेद मला सांभाळता येत नाही. मित्रांनो, तुमच्या सायकलला वेळेवर तेल द्या. आणि आगीतून सावरणाऱ्या रानात तिला नेण्यापूर्वी, तिथे राबणाऱ्या माणसाला काय जपायचे ते विचारा. आम्ही घरातल्या घरात विचारले नाही.

त्या पावसानंतर काही दिवसांनी, पट्टा पुन्हा पाहायला बहीण अखेर आमच्याबरोबर वाटेने आली होती. दादा मला हाताने ढकलत होता. वळणाच्या बऱ्याच वर ती थबकली.

"हे ओंडके कडेला कुणी टाकले?"

"मी! तुमच्या खात्याची वाट बघत बसलो असतो तर म्हातारा झालो असतो. बघ की, कशी मोकळी झालीय."

ती खाली बसली. माझ्या टायरांनी पाडलेल्या चाकोरीत तिने हात घातला. मनगट बुडाले.

"दादा, ते पडलेले नव्हते रे. आम्ही रचले होते."

 मला धरलेली दादाची मूठ सैल झाली.

जळालेली माती पाणी सहजी आत घेत नाही. ते अडावे म्हणून ओंडके उताराला आडवे ठेवले होते. ओंडके हटले आणि माझी चाकोरी उरली. पाणी तिच्यातून वेगाने वळणापर्यंत आले, तिथे वाट सोडून खाली कोसळले आणि पट्ट्यातली माती रोपांसकट वाहून घेऊन गेले.