चौदावी खुर्ची

अक्रोडाखाली रविवारचं टेबल लागलं आणि एर्सिलियाने माणसं मोजली, तर तेरा. तेराजण एकत्र जेवले की वर्षाच्या आत त्यातला एक जातो. तिने पास्ता झाकून ठेवला.

“बांधापलीकडे फिओरेन्झोमामा आहे, बोलावू?” लेकीने विचारलं.

“वाटणीपासून तोंड फिरवून बसलाय माझा भाऊ. त्याच्यापेक्षा रस्त्यावरचा परका बरा.”

तिने खरंच एका सायकलवाल्या प्रवाशाला हाताला धरून आणलं. त्याने दोनदा पास्ता मागून घेतला, ताट पावाने पुसून खाल्लं आणि जेवण संपलं समजून आभार मानून निघूनही गेला. भाजलेला ससा अजून भट्टीतच होता.

पुन्हा तेरा. कुणी काट्याला हात लावेना.

“बोलाव तुझ्या मामाला,” एर्सिलिया पुटपुटली. “खुर्ची आण म्हणावं.”

फिओरेन्झो खुर्ची घेऊनच बांधावर उभा होता. माणसं त्यानेही मोजली होती.