कलंडलेली मांडणी

नवा हायवे झाल्यापासून जुन्या रस्त्याला फारसं कुणी फिरकत नव्हतं. तरी ताईने भावाला गाडी तिकडे वळवायला लावली. लहानपणी आजोळी जाताना वडील तिथल्या काका-काकूंच्या दुकानाशी थांबायचेच. खिळ्यांपासून खोडरबरापर्यंत तिथे सगळं मिळायचं, आणि बरणीतल्या गोळ्यांवरून दोघा भावंडांची जुंपायची.

दुकान उघडं होतं. गल्ल्यावर कुणीच नव्हतं.

"काकू?" हाक मारत ताई आत शिरली.

"हळू! पाय आपटू नकोस," आतून घोगरा आवाज आला.

अंधाराला डोळे सरावले तेव्हा ताईला दिसलं. छतापर्यंतच्या लाकडी मांडणीचा पुढचा पाय मोडून ती कलंडली होती. काकू तिला पाठ लावून, मागे दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, पाय रोवून उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी काका पडले होते. त्यांची पोटरी खालच्या फळीखाली अडकली होती. वर रंगाचे डबे पार काठावर आले होते.

"सकाळपासून अशीच उभी आहे. ओरडून घसा बसला."

"हिला म्हणावं, सोड आणि बाजूला हो," काका कण्हत म्हणाले. "ऐकतच नाही."

"तुम्ही गप्प पडा!"

मागोमाग आलेला भाऊ मांडणी उचलायला धावला. ताईने त्याचा दंड धरला. "वरचं सगळं कोसळेल! गाडीतला जॅक आण."

त्याने जॅक फळीखाली सरकवला आणि दांडा फिरवू लागला. लाकूड करकरलं. एक डबा सुटला आणि काकांच्या कानाजवळ फुटला.

"निळा ना?" काका पुटपुटले. "जाऊ दे, तो खपतच नव्हता."

फळी बोटभर उचलली गेली. ताई नर्स होती. तिने काकांचा पाय सांभाळला आणि भावाने काखेत धरून त्यांना दाराकडे ओढून काढलं.

"काकू, सोडा आता!"

"हात सुटत नाहीत गं."

ताईने त्यांची आखडलेली बोटं एकेक करून सोडवली. भावाने त्यांना कवेत घेऊन दाराकडे उडी मारली. पाठोपाठ मांडणी धाडकन आडवी झाली.

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या काकांशेजारी बसल्या. "वर चढू नका म्हटलं होतं ना!" म्हणत त्यांच्या खांद्यावर चापट मारली आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

हाड मोडलं होतं, पण पाय वाचला. संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी तसं सांगितलं, तेव्हा कुठे काकू बाकावर टेकल्या आणि बसल्या बसल्या झोपी गेल्या.