काळ्या दगडावर ग्लेनिस

आमच्या शेडमध्ये बायकांना मज्जाव नाही, पण त्या येत नाहीत. नवरा मंगळवारी आणि गुरुवारी घराबाहेर असतो, एवढ्यावरच त्या खूश असतात. नदीकाठच्या, संत्र्यांच्या जुन्या गोदामात आम्ही निवृत्त म्हातारे जमतो, पोरांसाठी लाकडी ट्रक बनवतो, चीज कापायचे पाट बनवतो आणि दहा वाजता चहा पितो. चहा हेच तिथलं मुख्य काम आहे असं माझं मत आहे, पण ते अध्यक्षांसमोर बोलायची सोय नाही.

अध्यक्ष म्हणजे नोएल. जन्मभर पोस्टात साहेब होता. प्रत्येक मशीनवर त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून एक सूचना चिकटवली आहे. चहाच्या बंबावरसुद्धा आहे.

शेडची शान म्हणजे सीएनसी मशीन. कारखान्यातलं अवाढव्य धूड नव्हे, हौशी लोकांचं, जेवणाच्या टेबलाएवढं. कॉम्प्युटरवर फोटो द्यायचा, की मशीनचा हात ओळीमागून ओळ पुढेमागे फिरत तो उतरवून काढतो. त्या हाताला दोन प्रकारची टोकं लागतात. एक लेझर. तो लाकूड जाळत जातो आणि आवाज करत नाही. दुसरं ठोकायचं. त्याची कडक, अणकुचीदार सुई टकटक करत दगडावर ठिपके पाडते. आम्ही त्याला सुतारपक्षी म्हणतो. तो चालू झाला की चहाच्या टेबलावर ओरडून बोलावं लागतं.

हे मशीन खोक्यातून काढून जोडलं ते क्लेम हार्टविगनं. क्लेम आयुष्यभर बागांच्या पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरला. बोलायला अगदी कंजूष. त्याची सगळी वाक्यं त्याची बायको ग्लेनिसच पुरी करायची. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली, तेव्हापासून त्याची वाक्यं अर्धीच राहतात.

या मशीनवर एक चूक हमखास होते. लाकूड जळलं की काळं पडतं, म्हणून फोटोतलं जे काळं तेच जाळायचं. काळ्या दगडाचं बरोबर उलट. तिथं सुई लागली की पांढरा ठिपका उठतो, म्हणून फोटोतलं जे उजळ तेच ठोकायचं, आणि काळं तसंच सोडायचं. त्यासाठी कॉम्प्युटरवर एका चौकोनात खूण करावी लागते. ती विसरलात की चेहरा काळा, केस पांढरे आणि बुबुळं भुतासारखी चमकणारी. ही चूक आम्ही प्रत्येकानं एकदा केली आहे. आमच्यातल्या साव्हेरिओनं चर्चच्या सोडतीसाठी पाद्रीबाबांचा फोटो केला, तो असाच झाला. नोएलनं स्वतःचा केला. चुकलेलं काम टाकायचं नाही, संडासाशेजारच्या भिंतीवर टांगायचं, असा शेडचा रिवाज आहे. त्या भिंतीला आम्ही भुताटकी म्हणतो. नोएल तिकडे न बघता आत जातो.

आता क्लेमच्या डोळ्यांचं. शेडमध्ये ते फक्त मला ठाऊक होतं, कारण ॲडलेडच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला गाडीतून मीच नेत होतो. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता आणि तो पसरत होता. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल, असं बाईंनी सरळ सांगितलं होतं. उपाय नाही म्हणाल्या.

"लायल, नोएलला सांगू नकोस," परत येताना क्लेम म्हणाला. "मशीनवरनं उठवेल मला."

"उठवेलच. विम्याचा नियम आहे. नीट दिसत नाही त्यानं मशीनला हात लावायचा नाही."

"माहितीय. पण हिचा चेहरा करायचाय दगडावर. माझ्या हातानं. तेवढं झालं की..."

वाक्य तिथंच राहिलं. मी कबूल झालो. मला नियमांची चीड आहे असं नाही, पण या माणसाकडे वेळ थोडा होता आणि नोएलकडे सूचना भरपूर होत्या.

दगड क्लेमकडे होता. स्वयंपाकघराचा ओटा नवा केला तेव्हा सिंकसाठी भोक पाडून जो तुकडा निघाला, तो त्यानं गॅरेजमध्ये जपून ठेवला होता. काळाभोर, आरशासारखा घासलेला. त्याच ओट्यापाशी ग्लेनिस पुढं कित्येक वर्षं उभी होती, तेव्हा दुसरा दगड चालणार नव्हता. आणि दगडावरचा ठिपका काही खोडता येत नाही. एकदा चुकलं की चुकलं.

फोटो त्यांच्या लग्नाच्या आधीचा होता. ग्लेनिस कुठल्याशा धक्क्यावर उभी, मागं नुसतं आभाळ, डोक्यावर दाट काळे कुरळे केस आणि गालावर ऊन.

"लेझरनं कर," नोएल चहा ओतता ओतता म्हणाला. "बारीक काम होतं. पापणी न् पापणी येईल."

"सुतारपक्षी," क्लेम म्हणाला.

"अरे, पण का? त्याचे ठिपके बघ केवढाले! लेझर कसा, दगडाला ओरखडाही न काढता रंग बदलतो."

"म्हणूनच नको."

"हा माणूस म्हणजे ना," साव्हेरिओ माझ्याकडे वळून म्हणाला, "ग्लेनिस वैतागून वर गेली ती उगाच नाही."

दुसरा कुणी असता तर मी साव्हेरिओच्या डोक्यात बशी घातली असती. पण क्लेम हसला, आणि तो बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून साव्हेरिओला मी माफ केलं.

मंगळवारी क्लेमनं आधी एका काळ्या फरशीच्या तुकड्यावर तिचा चेहरा करून पाहिला. चौकोनात खूण केली होती, सगळं सुरळीत झालं. फरशी पुसून खिडकीशी धरली तर साक्षात ग्लेनिस. साव्हेरिओ म्हणाला, "आत्ता ओरडेल बघ, पाय पुसून आत या म्हणून." नोएलनंसुद्धा लेझरची कैफियत मागं घेतली. क्लेम मात्र तुकडा रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेला.

गुरुवारी त्यानं ओट्याचा दगड टेबलावर पक्का केला. कॉम्प्युटरला नाक लावून, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं बघत बघत त्याचं काय ते चाललं होतं. मी मुद्दाम नोएलला चहाच्या बंबाच्या गळतीबद्दल विचारून लांब नेलं. टकटक सुरू झाली, तेव्हा मला हायसं वाटलं.

चित्र वरून खाली येतं. आधी आभाळ, मग केस. थोड्या वेळानं मी सहज डोकावलो. आभाळ ठोकलं जायला हवं होतं, ते काळंच राहिलं होतं. आणि केस, जे काळे राहायला हवे होते, ते पांढरेफटक निघत होते. क्लेम शेजारी स्टुलावर बसला होता, टेबलाच्या कडेवर हात ठेवून, शांतपणे. त्याला कसं दिसणार?

मी चहाच्या टेबलाकडे गेलो. साव्हेरिओच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

"उलटं होतंय," तो म्हणाला. "खूण राहिली."

"ओरडू नकोस."

"ओरडल्याशिवाय तुला ऐकू येतं का? ग्लेनिस भुताटकीवर जाणार, लायल! पाद्रीबाबांच्या शेजारी!"

नोएल चष्मा पुसत उभा राहिला. पोस्टातला माणूस, पत्ता चुकलेला त्याला लांबून कळतो. "क्लेमनं ही चूक केली? क्लेमनं? आम्हा सगळ्यांना शिकवलं त्यानं." मग त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्याला दिसत नाहीये, खरं ना?"

मी साखर ढवळत बसलो. मी साखर घेत नाही, हे नोएलला माहीत आहे.

"किती दिवस?"

"ते त्यालाच विचार. आधी मशीन थांबव. अजून चेहरा आला नाहीये, नुसते केस झालेत."

नोएल तरातरा निघाला आणि मशीनपाशी जाऊन थबकला. तिथं त्याचीच सूचना होती. चालू कामाला, ज्याचं काम आहे त्याच्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. बिचारा लाल बटणाकडे बघत राहिला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

"तू सांग त्याला," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तुझं ऐकतो तो."

क्लेम कुणाचंच ऐकत नाही, पण मी त्याच्या शेजारी वाकलो.

"क्लेम, थांबव. उलटं होतंय."

"काय उलटं?"

"चित्र. केस पांढरे येतायत. खूण करायची राहिली तुझी."

"राहिली नाही. काढली."

"काढली म्हणजे?"

"मीच काढली. मुद्दाम." त्यानं मान वर केली, माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी पाहत. "मंगळवारचा तुकडा घरी नेला ना. तुम्ही सगळे म्हणत होता, हुबेहूब. मी डोळे मिटून हात फिरवून पाहिला. केस काय, गुळगुळीत. टकलावर हात फिरवल्यासारखं. आणि गाल? गालाला सगळे ठिपके. खरखरीत. नोएलनं दोन दिवस दाढी केली नाही तर कसा लागेल, तसा." तो थांबला. मला वाटलं हेही वाक्य अर्धंच राहणार. पण नाही. "मी काही नोएलशी लग्न केलं नव्हतं, लायल."

मागं साव्हेरिओ फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"नोएल मागेच उभा असेल," क्लेम म्हणाला.

"आहे," नोएल म्हणाला.

"मग ऐक. डोळे चाललेत माझे. तुझा चेहरा मला दिसत नाही, त्याचं फारसं दुःख नाही. पण हिचा फोटो समोर धरला की फ्रेम दिसते, आभाळ दिसतं, आणि मधे ही नसतेच. हा दगड बघायला नाहीच केलेला. तुम्हाला तो भुतासारखा दिसणार, दिसू दे. मी घरी ओट्यावर ठेवणार आहे, जिथं ती उभी राहायची तिथं. गाल गुळगुळीत लागला पाहिजे आणि केस तिच्या केसांसारखे, राठ. एवढं पुरं होऊ दे, मग घे मशीनची चावी. मी स्वतः देतो."

एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ग्लेनिस असती तर तिला मधे बोलायला जागाच मिळाली नसती.

नोएलनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली, मशीनला लावून ठेवली आणि चष्मा घालून सुईकडे बघत बसला.

"तू बस," तो क्लेमला म्हणाला. "मी बघतो. सुई अडकली, दगड सरकला, तर सांगतो तुला. थांबवायचं का चालवायचं, ते तू ठरव."

जेवायच्या सुट्टीत कुणी उठलं नाही. साव्हेरिओनं त्या दोघांच्या हातात सँडविच आणून दिली. सुतारपक्षी भुवयांवरून डोळ्यांवर आला, गालांवर जवळजवळ न टेकता सरकत गेला, ओठांपाशी पुन्हा जोरात टकटकला. मधूनमधून नोएल सांगत होता, "उजवी भुवई झाली. नाक आलं. हनुवटीवर खळी आहे का रे तिच्या?" आणि क्लेम म्हणत होता, "आहे."

दुपारी टकटक थांबली. क्लेमनं दगडावरची धूळ फुंकली, तो ओल्या फडक्यानं पुसला आणि सोडवून मांडीवर घेतला. मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, भयंकर दिसत होतं. पांढरा केसांचा पुंजका, काळं थोबाड, पांढरी बुबुळं. ही बाई आपल्याला दर नाताळला केक पाठवायची, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

क्लेमनं डोळे मिटले. हात केसांवर ठेवला आणि बोटं सावकाश खाली आणली. कपाळ, भुवई, गाल. गालावर अंगठा थांबला, परत मागं गेला, पुन्हा त्याच जागी आला. त्याचे खांदे खाली आले. पंप दुरुस्त करून रात्री घरी परतलेल्या क्लेमला मी कधी दारातून आत जाताना पाहिलेलं नाही, पण तो कसा जात असेल ते मला त्या दुपारी कळलं.

"आलो गं," तो म्हणाला.

साव्हेरिओ सरळ हुंदके देऊन रडला. मला रडता येत नाही, म्हणून मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिलो आणि त्यातच माझेही डोळे भरले.

नोएल उठला. त्यानं मशीन बंद केलं, ठरल्याप्रमाणे चावी काढून घेतली आणि खिशात टाकली. क्लेमला ते कळलं असणार, पण त्यानं मान वर केली नाही. त्याची बोटं पुन्हा तिच्या केसांत गेली होती.