नळाजवळचा रॉड

मी झटका मशीन बोलतेय. नाव ऐकून दचकू नका. माझा झटका रानडुकराला पळवून लावतो, त्याचा जीव घेत नाही. कुणाचा हात चुकून तारेला लागलाच, तर तो मला चार शिव्या देतो आणि पुढच्या वेळी जपून चालतो. दूर ठेवणं हेच माझं काम. पण जिला दूर लोटायचं नव्हतं, तीही माझ्यामुळेच गेली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

अमरावतीच्या एका लहानशा कारखान्यात माझी पेटी जोडली गेली. पुढे दोन महिने मी परतवाड्याच्या दुकानात धूळ खात पडले. तिथून अब्दुल रहीम यांनी मला उचललं आणि मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून शेतात आणलं. त्यांचा साडेतीन एकर हरभरा होता. आदल्या वर्षी डुकरांनी त्यातला निम्मा उकरून टाकला होता, उरलेल्याचे शेंडे भर दिवसा रोही, म्हणजे नीलगाई, येऊन खुडून गेले होते. रहीमभाईंनी मला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला टांगलं, बांबू रोवून तार फिरवली, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. टक, टक, टक. सेकंदाला एक. मला तेवढंच बोलता येतं.

पण नुसत्या तारेवर माझं भागत नाही. एक लोखंडी रॉड ओल्या जमिनीत गाडावा लागतो. जमीन कोरडी असली की माझा झटका म्हणजे बोळक्या कुत्र्याचं भुंकणं. आमची काळी माती पौषात अशी भेगाळते की आत हात जावा. रहीमभाई डोकं खाजवत उभे होते, तेवढ्यात धुऱ्यापलीकडून खुशालराव आले. त्यांचं घर त्यांच्याच शेतात, अगदी धुऱ्याला लागून.

"रहीमभाई, माह्या नळाजवळ बारा महिने ओल राह्यते. तिथंच गाडा रॉड."

"तुमच्या आंगनात, खुशालभाऊ?"

"मंग काय झालं? आंगन काय पयून जाते?"

दोघांनी मिळून रॉड ठोकला. रहीमभाईंच्या घरून त्यांच्या बायकोनं, नईमाभाभींनी, चहा पाठवला. काय नशीब काढलं मी, असं मला वाटलं. त्याच भिंतीच्या कडेनं, हातभर अंतरावर, टेलिफोनची जुनी तांब्याची तार जमिनीतून घरात जात होती. ती त्यांनी पाहिली नाही. मीही पाहिली नाही.

त्या तारेवरून दामिनीचं नेट यायचं. दामिनी ही खुशालरावांची एकुलती एक लेक. आई, पार्वताबाई, गेल्यावर बाप एकटा पडला म्हणून ती पुण्याहून परत आली होती. कंपनीनं तिला घरून काम करायची मुभा दिली होती. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची आणि मधल्या वेळात बापाला गरम भाकर करून वाढायची. आमच्या रानात मोबाइलला धड रेंज नाही. नेट होतं म्हणून लेक घरात होती, इतका साधा हिशोब.

मी सुरू झाले आणि तिचं नेट तुटू लागलं. ग्राहक बोलता बोलता मधेच गायब व्हायचा. खिडकीतून तिचा आवाज माझ्यापर्यंत यायचा, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का सर?" मी आपली इमानदारीनं टक टक करत होते. कंपनीनं तिला बजावलं, महिन्याभरात नेट सुधारा, नाहीतर दुसरं काम पाहा.

मग लाइनमन बुधाजी आले. त्यांनी खिशातून लहानसा रेडिओ काढला, कुठलंच स्टेशन लागणार नाही अशा जागी काटा ठेवला आणि तारेच्या कडेकडेनं चालू लागले. नळाजवळ येताच रेडिओ माझ्याच आवाजात टक टक बोलू लागला; माझा झटका रॉडवाटे जमिनीत उतरून त्या तारेत शिरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दामिनी आत कंपनीशी बोलत होती. अंगणात फक्त खुशालराव होते.

"भाऊ, हा रॉड घात करून राहिला," बुधाजी म्हणाले. "रहीमभाईले सांगा, दुसरीकडं गाडा म्हना."

"दुसरीकडं ओल कुठं हाय? हरभऱ्याले घाटे भरले. मशीन कमजोर पडली त डुकरं एका रातीत वावर साफ करतीन."

"मंग पोरीचं काय?"

खुशालरावांनी रॉडभोवतीची ओली माती पायानं दाबली. "जागा मीच देल्ली, बुधाजी. आपल्याच तोंडानं देल्ली, आता आपल्याच तोंडानं वापस कशी मांगू? वीस दिवसांत हरभरा निंघते. तवरीक चालते पोरीचं."

लेकीला त्यांनी सांगितलं, तार जुनी आहे. माणसं भांडून एकमेकांचं वाटोळं करतात, हे मी ऐकून होते. भिडेपायीही वाटोळं होतं, हे मी त्या अंगणात पाहिलं. मला दुसरा एखादा शब्द येत असता, तर मी रहीमभाईंना ओरडून सांगितलं असतं.

कंपनी महिनाभरही थांबली नाही. चौदाव्या दिवशीच दामिनीची नोकरी गेली. पुण्यात दुसरी मिळाली, पण तिथे रोज ऑफिसात बसावं लागतं. तिनं बॅग भरली. जाताना नईमाभाभींच्या गळ्यात पडून म्हणाली, "चाची, बाबांकडे लक्ष ठेवा." हरभरा तेव्हा उभा होता, एक घाटाही वाया गेला नव्हता.

खळं झाल्यावर परतवाड्यात बुधाजींनी रहीमभाईंना सहज विचारलं, "रॉड हालवला का मंग?" सगळं ऐकून रहीमभाई तसेच परतले. त्यांनी सरळ नळाजवळ जाऊन रॉड उपटला. खुशालराव बाहेर आले.

"खुशालभाऊ, एक लफ्ज तरी बोलायचा! मी माह्या बाजूनं गाडला असता, रोज दोन घागरी पानी टाकलं असतं. हरभरा काय, पुढच्या साली पेरला असता. बेटी कुठून आनू?"

खुशालराव खाली बसले. रॉडचा खड्डा हातानं बुजवू लागले.

आता माझा रॉड रहीमभाईंच्या वावरात आहे. नईमाभाभी त्याला रोज दोन घागरी पाणी घालतात. एवढ्यानं भागतं. एवढंच करायचं होतं.

परवा दोघं निंबाखाली बसले होते. घरातलं नेट आता तुटत नाही, निंबापर्यंत पोचतं. दामिनीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, किती स्पष्ट दिसता! काय बिघडलं होतं हो तेव्हा?"

खुशालरावांनी रहीमभाईंकडे पाहिलं. रहीमभाईंचे ओठ हलले, पण खरं सांगावं तर बापाला सगळं ठाऊक होतं, हेही सांगावं लागलं असतं. मान खाली घालून रहीमभाईच म्हणाले,

"तार जुनी होती, बेटा. बदलली."

"तेव्हाच बदलली असती तर मी गेलेच नसते, बाबा."

"हो," खुशालराव म्हणाले.

मी जुनी झालेय. पेटीला गंज चढलाय, एखाद्या पावसाळ्यात बंद पडेन. तुमच्यापाशी शब्द आहेत, ते शेजाऱ्यापासून राखून ठेवू नका. आणि कधी पुण्यात दामिनी भेटलीच, तर तिला सांगा की चूक मशीनची होती. बापाचं नाव घेऊ नका.