एकांताचं तळं

ग्रनोबल शहरातल्या बाप्तिस्तला माणसांचा वीट आला होता, म्हणून बायको सोलांजला घेऊन तो डोंगरातल्या तळ्याकडे निघाला. "तिथे चिटपाखरूसुद्धा नसतं," तो वाटभर सांगत राहिला. सोलांज धापा टाकत म्हणाली, "मग समोरून उतरतायत ती कोण, मेंढरं?"

वर पोचले, तर निळ्याशार पाण्याच्या काठी जत्रा भरलेली. एका खडकापुढे चक्क रांग होती. एकेक जण त्यावर पाठमोरा बसून आपल्या एकटेपणाचा फोटो काढून घेत होता. "लोकांना काही लाज नाही," बाप्तिस्त चिडला आणि रांगेत उभा राहिला.

त्याचा नंबर आला, तेव्हा फोटोत कुणाची तरी लाल टोपी येत होती. "अहो, बाजूला व्हा की!" तो ओरडला. टोपीवाला वळला. तो शेजारचा लुबेर निघाला. त्याच्या रेडिओला कंटाळूनच बाप्तिस्त इथवर आला होता.

लुबेर रडवेला झाला. "तुम्ही इथेही? तुमच्या कटकटीतून सुटायला आलो होतो हो!"

सोलांज हसून हसून खालीच बसली. तिने चीज कापलं, लुबेरने वाइन काढली. बाप्तिस्त मात्र खडकावर पाठमोराच बसून राहिला. रांग आरडाओरडा करायला लागली, तेव्हा कुठे तो उठला आणि मुकाट्याने लुबेरपुढे पेला धरला.