नमस्कारानंतरची जागा

"नमस्कार," मी म्हटलं आणि नेहमीसारखी थांबले. तेवढ्यात कानातल्या हेडफोनमध्ये बासरी वाजायला लागली.

काचेपलीकडे फ्यूजभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. फ्यूजभाऊ म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राचे जुने तंत्रज्ञ. काहीही बिघडलं की "फ्यूज गेला असेल" म्हणतात, म्हणून हे नाव. ते दारातून डोकं आत घालून म्हणाले, "ताई, मशीनला वाटलं तुम्ही गेलात."

"कुठे गेले?"

"तसं नाही हो. आवाज थांबला की ते बिघाड समजतं आणि स्वतःच गाणं लावतं."

नशीब, ती नुसती चाचणी होती. साध्या रेडिओवर आवाज पोचवणारा मीडियम वेव्हचा मनोरा महिनाअखेरीला बंद व्हायचा होता. माझा सकाळचा कार्यक्रम आता लोकांच्या फोनवर जाणार होता आणि त्यासाठी हे मशीन आणलं होतं. त्याला सगळं येत होतं, फक्त रीत कळत नव्हती.

नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ताई, तो पॉज काढून टाकू या. नमस्कार म्हणा आणि लगेच हवामान. फोनवर लोक थांबत नाहीत."

"ती लोकांची जागा आहे, साहेब. ते उत्तर देतात."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही. म्हणून तर थांबते."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. सगळं पटापट उरकायची सवय, एवढंच. मी मात्र अजिबात हसले नाही. "ती जागा जाणार असेल तर माझ्या जागी दुसरी कोणीतरी बघा," म्हटलं आणि उठून आले. बाहेर आल्यावर वाटलं, हे काय बोलून बसले! हे काम सोडून मला जगात दुसरं काही येत नाही.

खरं सांगायचं तर ती जागा मी ठरवून ठेवलेली नव्हती. पहिल्या दिवशी नमस्कार म्हटलं आणि भीतीने घसाच धरला. पुढचं वाक्य फुटेना. मला नोकरी लागली म्हणून घरी सासूबाईंनी अबोला धरला होता. "घरात बोलतेस तेवढं पुरत नाही का, आता गावभर ऐकवायला निघालीस!" हे त्यांचं अबोल्याआधीचं शेवटचं वाक्य. त्या दिवशी मी तोंड पाडून घरी आले, तर भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "नमस्कार म्हणालीस आणि थांबलीस. मग मीही म्हटलं, नमस्कार. घरात आलेल्याला म्हणतातच की."

अबोला असा सुटला. नंतर आमची भांडणं काय कमी झाली? कपडे वाळत घालण्यावरून झाली, मुलाच्या अभ्यासावरून झाली, कशावरूनही झाली. पण रात्री आमचं कितीही वाजलेलं असो, सकाळी मी रेडिओतून नमस्कार म्हणायची आणि त्या स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या. हे मला आधी सासरे सांगायचे, ते गेल्यावर मुलगा सांगायला लागला. समोरासमोर आम्ही दोघींनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. आता त्यांना घराबाहेर पडवत नाही. दिवसभरात त्यांच्याकडे नेमाने येणारी, रेडिओतून का होईना, अशी मीच एक.

ती जागा मी एका बासरीला देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधी मी साहेबांना गाठलं. "आज केबिनमध्ये बसू नका. समोरच्या न्हाव्याकडे जा, दाढी करून या."

"माझी दाढी वाढलीय का?"

"वाढलीय," मी ठोकून दिलं.

कार्यक्रम संपवून बाहेर आले तर साहेब व्हरांड्यात उभे. एका कानाखाली साबण तसाच राहिलेला.

"वस्तरा माझ्या गालावर होता, ताई. तिथल्या रेडिओवर तुम्ही नमस्कार म्हणालात आणि न्हाव्याचा हात थांबला. म्हणाला, नमस्कार ताई. शेजारच्या खुर्चीवरचा तोंडाला फेस असताना म्हणाला. बाकावरचे सगळे म्हणाले. मी एकटाच गप्प. कसंतरीच वाटलं."

"मग?"

"मग काय? मीही म्हटलं." ते आत वळले आणि तिथूनच ओरडले, "फ्यूजभाऊ, त्या मशीनला जरा दम धरायला शिकवा!"

"शिकवतो," फ्यूजभाऊ म्हणाले. "सांगतो त्याला, बाई जिवंत आहेत."

मनोरा बंद झाला. फोनवरच्या पहिल्या सकाळी मी नमस्कार म्हटलं आणि जरा हट्टानेच नेहमीपेक्षा जास्त थांबले. बासरी वाजली नाही. काचेपलीकडे फ्यूजभाऊंचे ओठ हलले, साहेबांचेही हलले. मी जिंकले होते. घरी जाताना रस्ताभर मनात तेच घोळत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या आणि समोर त्यांचा जुना रेडिओ चालू होता. त्यातून नुसती खरखर येत होती. मुलाने मुद्दाम लावून दिलेला फोन उशीखाली ढकललेला.

"अहो आई, फोनवर होते ना मी!"

"त्या डबीशी कोण बोलणार? वेळ झाली, याच्यासमोर बसले. तू काही आली नाहीस. मी आपला नमस्कार म्हटला." त्यांनी रेडिओवर हात ठेवला. "म्हटलं, थांबली असेल. पुढचं बोलेल."

कार्यक्रम संपून मला घरी यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ त्या माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसल्या होत्या.

मी चपलाही काढल्या नाहीत. दारातच सरळ उभी राहिले, घसा साफ केला आणि रेडिओवर म्हणते तसं म्हटलं, "नमस्कार."

आणि थांबले.

सासूबाईंनी आधी चष्मा सारखा केला. मग हात लांब करून रेडिओचं बटण फिरवलं. खरखर बंद झाली.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "आज उशीर केलास गं."