नाडीमहाराजांचा हिरवा रस

अहमदपूरच्या मोंढ्यामागचं मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. मंचावर किशनराव बसले होते. सगळ्या तालुक्यातल्या पाट्या रंगवलेला हा माणूस. पण कंपवातानं आज त्यांचा उजवा हात जास्तच थरथरत होता. सकाळची गोळी न घेता या, असा महाराजांचा निरोप होता.

नाडीमहाराजांनी त्यांना वाटीभर हिरवा रस पाजला.

"मेंदूतल्या शिरा म्हंजे झाडाच्या मुळ्या!" ते माइकवर गरजले. "सुकलेल्या मुळीला औषध बी मुळीचंच. घ्या नाम!"

तासभर भजन झालं. मग किशनरावांच्या हातात ब्रश दिला. हात शांत होता! त्यांनी पाटीवर 'श्री' काढला आणि मैदानात जयजयकार उसळला. बायको सिंधु पदरात तोंड लपवून रडली.

"आता विंग्रजी गोळ्या बंद," महाराजांनी बजावलं. "दोन्ही घेतलं तर जडीबुटी कोपते." घरी घ्यायला भुकटीच्या पुड्या दिल्या.

मुलगी आरती नांदेडला औषधनिर्माणशास्त्र शिकवायची. तिनं फोनवर परोपरीनं सांगितलं, "बाबा, गोळी सोडू नका. झाडपाल्यातल्या घटकांनी मेंदूच्या पेशी वाचतात का, यावर आम्ही बी काम करून राहिलो. पण ते अजून उंदरांवर. माणसात सिद्ध झालं न्हाई."

"तुझं चालू दे. माझा हात थांबला," म्हणून किशनरावांनी फोन ठेवला.

भुकटीनं काही होईना. आधी हात आखडला, मग मान. "रोग बाहेर पडून राहिलाय," महाराजांचा शिष्य सांगायचा. किशनरावांनी मुलीला कळू दिलं नाही. अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप चढला, पाण्याचा घोट उतरेना, तेव्हा कुठं सिंधुनं त्यांना नांदेडला आणलं.

"गोळ्या कधी बंद केल्या?" डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला. उपचार लगेच सुरू झाले, पण उशीर झाला होता. किशनराव वाचले नाहीत.

त्या दिवशी हात कशानं थांबला, हे शोधायला पुढच्या मेळाव्यात सिंधु स्वतः रोगी म्हणून रांगेत बसली आणि वाटीतला रस गुपचूप बाटलीत ओतून आणला. आरतीनं तो तपासून घेतला. त्यानंतरच्या मेळाव्याला मायलेकी पोलिसांना घेऊनच गेल्या.

"मला अनुभव सांगायचा हाय," सिंधु म्हणाली. महाराजांनी खुशीनं माइक दिला.

"माझा मालक मेला," एवढंच बोलून तिनं माइक आरतीकडं दिला.

"या रसात कंपवाताचीच गोळी कुटून घातलीय," आरती म्हणाली. "तिच्यातलं एक द्रव्य खाजकुहिरीच्या बीत असतं. पण त्याच्या जोडीचं दुसरं कुठल्याच झाडात नसतं, ते कारखान्यातच होतं. ते बी सापडलं. सकाळची गोळी चुकवायला लावतात, म्हंजे हात लई थरथरावा. भजन तासभर, कारण गोळी लागू पडायला तेवढा वेळ जातो. अन् घरच्या पुडीत नुसता पाला!"

"बापाच्या दुःखानं पोरीला भ्रम झालाय!" महाराज ओरडले.

पुढं बसलेल्या चंद्रप्पा नावाच्या म्हाताऱ्या रोग्याच्या हातात वाटी थरथरत होती. "मग हात थांबतो कशानं, बाई?"

"गोळीनं, काका. ती तुमच्या घरीच हाय."

चंद्रप्पांनी वाटी खाली ठेवली. पोलिसांनी महाराजांना गाडीत घातलं. निम्मे लोक जागेवरच बसून राहिले; निम्मे हात जोडून गाडीमागं धावले.

राहिलेल्यांना सिंधु म्हणाली, "झाडाला मी वाईट म्हणत न्हाई. पण औषध झाडाचं असो की कारखान्याचं, देणाऱ्याला विचारा. यात काय हाय? कुणावर तपासलंस? माझी गोळी का सोडायला लावतोस? त्याला राग आला, तर उठून घरी जा. मी विचारलं न्हाई."